दोन-तीन मॉनिटर आणि प्रत्येकावर वेगळा वॉलपेपर: पहिल्यापासून शेवटपर्यंतची कृती

माझ्या टेबलावर तीन स्क्रीन आहेत. डावीकडे १५.६ इंची लॅपटॉप, मधे २४ इंची मॉनिटर आणि उजवीकडे जुना १८.५ इंची मॉनिटर, तोही उभा फिरवलेला. मी घरून मराठी पुस्तकांची मांडणी आणि मुद्रितशोधन करते. उभ्या स्क्रीनवर लेखकाकडून आलेलं पान वरपासून खालपर्यंत एका नजरेत दिसतं, मधल्यावर मांडणी चालते आणि लॅपटॉपवर मेल, शब्दकोश वगैरे उघडे असतात.

सुरुवातीला तिन्हीवर एकच फोटो होता, हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचा. मधल्या स्क्रीनवर तो कडा डोळे भरून दिसायचा. उभ्या स्क्रीनवर त्याचा मधला काळा पट्टा तेवढा उरायचा, दरी कुठे आणि आभाळ कुठे ते कळायचं नाही. म्हणून प्रत्येक स्क्रीनला वेगळा फोटो लावायला बसले आणि अख्खी संध्याकाळ गेली. वॉलपेपर लावायला एक मिनिट पुरतं. वेळ गेला तो त्याच्या आधीच्या गोष्टींत: संगणक कोणत्या मॉनिटरला एक नंबर म्हणतो, कोणत्या मापाचा फोटो कुठे बसतो, मेनूमध्ये हवा तो पर्यायच का दिसत नाही. तुमची संध्याकाळ वाचावी म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

वेगळे वॉलपेपर लावण्यात शोभेपलीकडेही फायदा आहे. ऑनलाइन बैठकीत स्क्रीन दाखवायची वेळ आली की ‘स्क्रीन १, स्क्रीन २, स्क्रीन ३’ अशी छोटी चित्रं समोर येतात. तिन्हीवर एकच फोटो असला की भलतीच स्क्रीन लोकांसमोर उघडण्याचा धोका असतो. फोटो वेगळे असले की एका नजरेत कळतं. मी लोकांना दाखवायच्या स्क्रीनवर मुद्दाम शांत, एकरंगी आभाळाचा फोटो ठेवते.

आधी जवळ काय हवं

- प्रत्येक मॉनिटरची केबल: एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट किंवा यूएसबी-सी. सगळ्याच यूएसबी-सी पोर्टांतून चित्र बाहेर जात नाही. काही पोर्ट फक्त चार्जिंग आणि फाइलींसाठी असतात, तेव्हा लॅपटॉपच्या माहितीपत्रकात ‘डिस्प्ले’चा उल्लेख आहे का ते पाहा.
- मॉनिटर जुना, फक्त व्हीजीएवाला असेल तर ‘एचडीएमआय ते व्हीजीए’ कन्व्हर्टर.
- प्रत्येक स्क्रीनसाठी एक मूळ, न दाबलेला (म्हणजे फाइल लहान करण्यासाठी दर्जा न घटवलेला) फोटो.
- फोटो कापायला एखादं साधं साधन. विंडोजमधलं फोटोज किंवा पेंट, मॅकवरचं प्रीव्ह्यू, नाहीतर मोफत मिळणारं गिंप. फोटोशॉपची गरज नाही.
- एक कायमचं फोल्डर. ‘पिक्चर्स’मध्ये ‘वॉलपेपर’ नावाचं केलंत तरी पुरे.

कन्व्हर्टरबद्दल थोडं जास्त सांगते, कारण इथे पैसे वाया जातात. हे कन्व्हर्टर एकाच दिशेने चालतात. संगणकातून एचडीएमआय बाहेर पडतं आणि मॉनिटरमध्ये व्हीजीए शिरतं, म्हणून ‘एचडीएमआय ते व्हीजीए’ घ्यायचा. ‘व्हीजीए ते एचडीएमआय’ ही उलट दिशेची वस्तू आहे. दिसायला दोन्ही जवळपास सारख्याच. मला पुण्यात एका दुकानात उलटाच दिला गेला आणि मॉनिटर बिघडलाय असं समजून मी तो बदलायला निघाले होते. पाकिटावरची दिशा दुकानातच वाचून घ्या.

१. स्क्रीन ‘एक्स्टेंड’ करा

विंडोजवर विंडोज बटण धरून पी दाबा. उजव्या कडेला चार पर्याय येतात: फक्त संगणकाची स्क्रीन, डुप्लिकेट, एक्स्टेंड आणि फक्त दुसरी स्क्रीन. आपल्याला ‘एक्स्टेंड’ हवं.

‘डुप्लिकेट’ असताना संगणकाच्या लेखी स्क्रीन एकच असते, तीच दोन ठिकाणी उमटते. मग वेगळा वॉलपेपर लावण्याचा पर्याय मेनूत येतच नाही. पर्याय सापडत नाही म्हणणाऱ्या ज्यांना ज्यांना मी मदत केली, त्यांतल्या बहुतेकांचं इथेच अडलेलं होतं. त्यामुळे पुढे जाण्याआधी खात्री करा: माउसचा बाण एका स्क्रीनच्या कडेवरून दुसरीवर सरकला पाहिजे.

मॅकवर हेच सिस्टिम सेटिंग्जमधल्या डिस्प्लेज या भागात होतं. तिथे बाहेरच्या स्क्रीनपुढे ‘मिरर’ असेल तर ते ‘एक्स्टेंडेड डिस्प्ले’ करा.

मॅकवाल्यांसाठी दोन सूचना, खरेदीच्या आधी वाचाव्यात अशा. साध्या एम१ आणि एम२ चिपच्या मॅकबुक एअरला थेट एकच बाहेरचा मॉनिटर जोडता येतो. एम३च्या एअरला दोन चालतात, पण लॅपटॉपचं झाकण बंद ठेवल्यावर. दुसरी गोष्ट डॉकची. एका यूएसबी-सी केबलवर दोन एचडीएमआय देणारे स्वस्त डॉक बहुधा एमएसटी नावाच्या पद्धतीवर चालतात. विंडोजवर त्यातून दोन वेगळ्या स्क्रीन मिळतात. मॅकओएस ती पद्धत एक्स्टेंडसाठी वापरत नाही, त्यामुळे दोन्ही मॉनिटरवर तेच चित्र दिसतं. त्यावर कितीही सेटिंग्ज बदलली तरी वेगळे वॉलपेपर लागणार नाहीत.

२. टेबलावरचा क्रम संगणकाला सांगा

विंडोज बटण आणि आय दाबून सेटिंग्ज उघडा, मग सिस्टिम, मग डिस्प्ले. वरच्या बाजूला १, २, ३ असे आकडे घातलेले चौकोन दिसतील. शेजारी ‘आयडेंटिफाय’ असं बटण आहे, ते दाबा. प्रत्येक मॉनिटरवर क्षणभर त्याचा आकडा उमटतो. कागदावर लिहून घ्या: डावा कोणता, मधला कोणता, उजवा कोणता. आकडे डावीकडून उजवीकडे क्रमाने असतीलच असं नाही. माझ्याकडे डावीकडून १, ३, २ असे आहेत आणि त्याने काहीही बिघडत नाही.

मग ते चौकोन माउसने ओढून टेबलावर मॉनिटर जसे ठेवलेत तसे लावा आणि ‘अप्लाय’ दाबा. चौकोनांची उंचीही बघा. एक मॉनिटर खरोखर खाली असेल तर चौकोनही तेवढा खाली घ्या, म्हणजे बाण एका स्क्रीनवरून दुसरीवर सरळ रेषेत जाईल. चरण ६ मधला एकच लांब फोटो करायचा असेल तर ही मांडणी फारच महत्त्वाची ठरते.

मॉनिटर उभा फिरवला असेल तर त्याचा चौकोन निवडून खाली ‘डिस्प्ले ओरिएंटेशन’मध्ये ‘पोर्ट्रेट’ करा. चित्र उलटं आलं तर ‘पोर्ट्रेट फ्लिप्ड’. जुन्या मॉनिटरचा पाया बहुधा फिरत नाही. अशा वेळी मॉनिटरच्या पाठीवर चौकोनात चार स्क्रूची भोकं आहेत का ते पाहा. ७५ किंवा १०० मिलिमीटर अंतरावर असतील तर बाजारात मिळणारा मॉनिटर आर्म, म्हणजे मॉनिटर धरणारा फिरता दांडा, बसतो. नसतील तर मॉनिटर आडवाच राहू द्या, पुस्तकांच्या आधारावर उभा टेकवण्याचा प्रयत्न नको.

३. प्रत्येक स्क्रीनचं माप लिहून घ्या

त्याच डिस्प्लेच्या पानावर एकेक चौकोन निवडत गेलात की खाली ‘डिस्प्ले रिझोल्यूशन’ दिसतं. माझी मापं अशी:

- लॅपटॉप: १९२० × १०८०
- मधला २४ इंची: १९२० × १०८०
- उभा १८.५ इंची: ७६८ × १३६६

हे आकडे पिक्सेलचे आहेत. पहिला आकडा रुंदी, दुसरा उंची. त्याच पानावर ‘स्केल’ म्हणून १२५ टक्के किंवा १५० टक्के असं लिहिलेलं असतं. त्याने अक्षरं आणि चिन्हं मोठी होतात, फोटोच्या हिशोबात ते धरायचं नाही.

४. फोटो निवडा आणि आधीच कापून ठेवा

सगळा परिणाम या पायरीवर ठरतो, म्हणून इथे घाई करू नका.

मोबाइलचा साधा फोटो बहुधा ४ : ३ या प्रमाणात असतो, उदाहरणार्थ ४००० × ३०००. आजचे बहुतेक मॉनिटर १६ : ९ असतात. हा फोटो आडव्या स्क्रीनवर पूर्ण रुंदीने भरला की उंचीतले २२५० पिक्सेल वापरले जातात आणि ७५० कापले जातात, म्हणजे चौथा हिस्सा. ते चालून जातं. पण तोच आडवा फोटो उभ्या स्क्रीनवर भरला, तर ४००० पैकी साधारण १६८७ पिक्सेल रुंदीच उरते. निम्म्याहून जास्त फोटो गेला! माझ्या कोकणकड्याचं हेच झालं होतं.

म्हणून उभ्या स्क्रीनला उभाच फोटो हवा. मी बऱ्याच फोटोंनंतर जेजुरीच्या दीपमाळेवर येऊन थांबले. ती मुळातच उंच, सरळ, आणि आजूबाजूला मोकळं आभाळ. धबधबा, सुळका, माडाचं झाड, देवळाचं शिखर, वाड्याचा जिना असं काहीही तिथे शोभतं. आडव्या स्क्रीनसाठी कडे, समुद्र, कासचं पठार.

आणखी काही गोष्टी बघून निवड करा:

चिन्हांची जागा. विंडोजवर डेस्कटॉपची चिन्हं डाव्या बाजूला वरून खाली येतात, मॅकवर उजव्या बाजूला. विंडोजसाठी ज्याची डावी बाजू शांत आहे असा फोटो घ्या, म्हणजे ‘रीसायकल बिन’ कुणाच्या चेहऱ्यावर येणार नाही. चिन्हं मुख्य मॉनिटरवर असतात, त्यामुळे हे पथ्य तिथे आधी पाळा. बाकीच्या स्क्रीनवर गजबजलेला फोटोही चालतो.

उजळपणा. शेजारशेजारच्या तीन स्क्रीनपैकी एक पांढरीफटक आणि दुसरी काळोखी असेल तर नजर फिरवताना डोळ्यांना त्रास होतो. तीन वेगळे फोटो घेताना त्यांचा सर्वसाधारण अंधार-उजेड जुळता ठेवा. मी तिन्ही पावसाळ्यातले घेतलेत. हिरवा आणि राखाडी रंग तिन्हीत आहे, त्यामुळे फोटो वेगळे असूनही एका घरातले वाटतात.

मूळ फाइल. व्हॉट्सॅपवरून आलेला फोटो वाटेत दाबला जातो. मोबाइलवर तो छान दिसतो, २४ इंचावर पानांच्या कडा चिखलासारख्या होतात. ज्यांनी काढला त्यांना तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, किंवा केबलने, ड्राइव्हवरून घ्या. आयफोनचे फोटो एचईआयसी प्रकारचे असतात. ते प्रत्येक विंडोज संगणकावर उघडतीलच असं नाही, म्हणून आधी जेपीजी करून घेतलेले बरे.

आता कापणं. विंडोजच्या फोटोज ॲपमध्ये फोटो उघडून ‘एडिट’ आणि मग ‘क्रॉप’ घ्या. तिथे प्रमाण ठरवता येतं: आडव्याला १६ : ९, उभ्याला ९ : १६. तुमची स्क्रीन १९२० × १२०० असेल तर प्रमाण १६ : १० होतं, तेवढं लक्षात ठेवा. चौकट सरकवून हवा तो भाग आत घ्या आणि ‘सेव्ह ॲज कॉपी’ करा. मूळ फोटोवर सेव्ह करू नका. नावं अशी द्या की सहा महिन्यांनीही कळतील: ‘डावा-कास’, ‘मधला-कोकणकडा’, ‘उभा-दीपमाळ’.

कापलेला फोटो स्क्रीनच्या मापापेक्षा मोठा असला तर हरकत नाही, विंडोज तो लहान करून घेतं. लहान असला तर ताणला जातो आणि धूसर होतो.

५. विंडोजवर लावणं

विंडोज १० आणि ११, दोन्हीत रीत जवळपास सारखीच आहे.

क) डेस्कटॉपच्या रिकाम्या जागी राइट क्लिक करून ‘पर्सनलाइझ’, मग ‘बॅकग्राउंड’.

ख) वरच्या यादीत ‘पिक्चर’ निवडा. तिथे ‘विंडोज स्पॉटलाइट’, ‘स्लाइडशो’ किंवा ‘सॉलिड कलर’ असेल तर पुढचा मेनू मिळणार नाही.

ग) ‘ब्राउझ फोटोज’ दाबून पहिला फोटो उघडा. तो क्षणात सगळ्या स्क्रीनवर लागेल. घाबरू नका, तसंच होतं. बाकीचे दोन फोटोही एकामागून एक असेच उघडा. आता तिन्ही फोटो ‘रीसेंट इमेजेस’च्या छोट्या चित्रांत आले.

घ) आता त्या छोट्या चित्रावर राइट क्लिक करा. ‘सेट फॉर ऑल मॉनिटर्स’, ‘सेट फॉर मॉनिटर १’, ‘सेट फॉर मॉनिटर २’ असे पर्याय येतील. हवा तो निवडा. प्रत्येक फोटोसाठी हेच करा.

बस, एवढंच. साधं क्लिक केलंत तर मात्र फोटो सगळीकडे लागतो, पर्याय फक्त राइट क्लिकमध्ये आहेत. मेनू इतका आडबाजूला आहे की कुणी सांगितल्याशिवाय सापडणं कठीण.

इथले चकवे:

मेनूतला आकडा आणि ‘आयडेंटिफाय’ने दाखवलेला आकडा जुळेलच याची खात्री धरू नका. डॉक बदलल्यावर माझ्याकडे तो जुळेनासा झाला होता. अशा वेळी सेटिंग्ज दुरुस्त करण्यात वेळ घालवू नका. एक लावून बघा, चुकीच्या स्क्रीनवर गेला तर दुसरा आकडा निवडा.

विंडोज ११ मध्ये त्याच मेनूत ‘सेट फॉर डेस्कटॉप’ असंही दिसू शकतं. ते मॉनिटरबद्दल नाही. विंडोज बटण आणि टॅब दाबून जे एकाहून जास्त आभासी डेस्कटॉप उघडता येतात, त्यांच्याबद्दल आहे. शब्द सारखे वाटतात म्हणून गल्लत होते.

सगळं नीट लावून झाल्यावर एखाद्या फाइलवर राइट क्लिक करून ‘सेट ॲज डेस्कटॉप बॅकग्राउंड’ केलंत, तर तो एकच फोटो सगळ्या स्क्रीनवर पसरतो आणि तुमची मांडणी पुसली जाते. फोटो बदलायचा तर पर्सनलायझेशनच्या पानावरूनच बदला.

याच ‘सेट ॲज डेस्कटॉप बॅकग्राउंड’चा एक चांगला उपयोगही आहे. फोल्डरमध्ये कंट्रोल धरून दोन-तीन फोटो एकदम निवडा आणि मग हा पर्याय घ्या. विंडोज प्रत्येक स्क्रीनवर त्यातला वेगळा फोटो ठेवतं. मात्र हा प्रकार स्लाइडशोचा असतो, त्यामुळे ठरावीक वेळाने फोटो बदलत राहतात. अंतर एका मिनिटापासून एका दिवसापर्यंत ठेवता येतं. कोणता फोटो कोणत्या स्क्रीनवर जाईल ते आपल्या हातात राहत नाही, म्हणून सगळे मॉनिटर आडवे असतील तरच मी हा मार्ग सुचवेन. लॅपटॉप बॅटरीवर असताना स्लाइडशो थांबतो, तो चालू ठेवायचं वेगळं बटण तिथेच खाली आहे.

‘फिट’ सगळ्यांना एकच

त्याच पानावर ‘चूज अ फिट’ आहे. ‘फिल’ म्हणजे स्क्रीन पूर्ण भरणार, जास्तीचं कापलं जाणार. ‘फिट’ म्हणजे अख्खा फोटो दिसणार, कडांना पट्ट्या येणार. ‘स्ट्रेच’ने फोटो ताणला जातो, माणसं जाड किंवा उंच दिसतात, तो वापरू नका. ‘टाइल’ म्हणजे फरशीसारखा पुन्हापुन्हा, ‘सेंटर’ म्हणजे मधोमध मूळ मापात. ‘स्पॅन’ म्हणजे एकच फोटो सगळ्या स्क्रीनवर मिळून.

विंडोजमध्ये ही निवड सगळ्या मॉनिटरांना मिळून एकच असते. एकाला ‘फिल’ आणि दुसऱ्याला ‘फिट’ असं करता येत नाही. चौथ्या पायरीत फोटो आधीच कापून ठेवायला सांगितलं ते याचसाठी. योग्य प्रमाणात कापलेले फोटो असले की ‘फिल’ ठेवा आणि विसरून जा.

६. एकच लांब फोटो जोडून करणं

कधीकधी दुसरा उपाय नसतो. संगणकाची प्रणाली वेगळे वॉलपेपर देतच नाही, किंवा एकच विस्तीर्ण दृश्य तिन्ही स्क्रीनवर सलग हवं असतं. मग सगळ्या स्क्रीन मिळून जेवढा आयत होतो तेवढ्या मापाचं एक चित्र बनवायचं आणि ‘स्पॅन’ निवडायचं.

माझ्या मांडणीचा हिशोब करून दाखवते. रुंदी: १९२० + १९२० + ७६८ = ४६०८. उंची: सर्वांत उंच स्क्रीनची, म्हणजे १३६६. तेव्हा गिंप किंवा पेंटमध्ये ४६०८ × १३६६ मापाचं कोरं चित्र घ्यायचं. पहिला फोटो डाव्या कडेला ० पासून, दुसरा १९२० पासून, तिसरा ३८४० पासून चिकटवायचा.

डिस्प्लेच्या पानावर तिन्ही चौकोनांच्या वरच्या कडा एका रेषेत असतील, तर आडव्या दोन्ही स्क्रीनखाली १३६६ - १०८० = २८६ पिक्सेलची पट्टी कुठेच दिसणार नाही. ती रिकामी सोडायची. खालच्या कडा एका रेषेत असतील तर तीच पट्टी वर येते आणि आडवे फोटो २८६ पिक्सेल खाली सरकवून चिकटवावे लागतात. इथे एक पिक्सेलही मनाने धरू नका, दुसऱ्या पायरीतली मांडणी समोर ठेवून करा.

सलग दृश्य लावणाऱ्यांनी मॉनिटरच्या चौकटीच्या जाडीचाही विचार करावा. क्षितिजाची रेघ चौकटीशी तुटते आणि पलीकडे सुरू होते. शिवाय १५.६ इंची आणि २४ इंची, दोन्ही १९२० × १०८० असतील तर पिक्सेल तेवढेच, पण जागा वेगळी. साधारण १४१ पिक्सेल एका इंचात लॅपटॉपवर, ९२ मॉनिटरवर. त्यामुळे सलग डोंगररांग लॅपटॉपवर लहान आणि शेजारी एकदम मोठी दिसते. सारख्या आकाराचे मॉनिटर नसतील तर सलग दृश्याच्या मागे लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

७. मॅकवर

ज्या स्क्रीनचा फोटो बदलायचा त्या स्क्रीनच्या रिकाम्या जागी कंट्रोल धरून क्लिक करा आणि ‘चेंज वॉलपेपर’ निवडा. सिस्टिम सेटिंग्जमधलं वॉलपेपरचं पान उघडेल. कोणत्या डिस्प्लेसाठी बदल करायचा ते तिथे निवडता येतं, ते आधी तपासा आणि मग फोटो निवडा. मॅकवर ‘फिल’, ‘फिट’ वगैरेही प्रत्येक स्क्रीनला स्वतंत्र ठेवता येतं, ही मोठी सोय.

चकवा आहे तो ‘स्पेसेस’चा, म्हणजे मॅकवरच्या आभासी डेस्कटॉपचा. मॅकवर प्रत्येक स्पेसचाही वॉलपेपर वेगळा असू शकतो. तीन बोटांनी सरकवून दुसऱ्या स्पेसमध्ये गेलात आणि जुना फोटो दिसला, तर काही बिघडलेलं नाही. मॅकओएस सोनोमापासून, म्हणजे २०२३ पासून, वॉलपेपरच्या पानावर ‘शो ऑन ऑल स्पेसेस’ असं बटण आहे, ते चालू करा.

८. लिनक्सवर

इथे सगळं तुमच्या लिनक्सवर कोणतं डेस्कटॉप (मेनू, खिडक्या, वॉलपेपर सांभाळणारी प्रणाली) आहे त्यावर अवलंबून आहे.

केडीई प्लाझ्मा सर्वांत सोपा. ज्या स्क्रीनचा वॉलपेपर हवा तिच्यावरच राइट क्लिक करून ‘कॉन्फिगर डेस्कटॉप अँड वॉलपेपर’. प्रत्येक स्क्रीन स्वतंत्र धरली जाते.

एक्सएफसीईमध्ये डेस्कटॉपच्या सेटिंग्जची खिडकी माउसने ओढून त्या त्या मॉनिटरवर न्यायची. खिडकी ज्या स्क्रीनवर असेल तिचा वॉलपेपर बदलतो. सूचना त्याच खिडकीत लिहिलेली असते, पण कुणी वाचत नाही.

उबुंटूमध्ये असणारं ग्नोम आणि लिनक्स मिंटचं सिनॅमन, दोन्हीत प्रत्येक मॉनिटरला वेगळा फोटो द्यायची सोय मुळात नाही. हायड्रापेपर नावाचं मोफत ॲप फ्लॅटपॅकमधून (लिनक्सवर ॲप बसवायची एक पद्धत) घ्या. ते मॉनिटरांची मांडणी ओळखतं, फोटो निवडायला देतं आणि मागे तेच करतं जे आपण सहाव्या पायरीत हाताने केलं: एक लांब चित्र बनवून सगळ्यांवर पसरवतं. मॉनिटरांची मांडणी बदलली की ते पुन्हा चालवावं लागतं.

९. लावलेलं अचानक गेलं तर

मॉनिटर दुसऱ्या पोर्टात लावल्यावर फोटो बदलले: संगणक त्याला नवा मॉनिटर समजू शकतो. केबलींना छोट्या चिठ्ठ्या लावून ठेवा, डावा, मधला, उजवा, आणि प्रत्येक केबल नेहमी त्याच पोर्टात घाला. माझ्याकडे घर आवरताना केबली निघाल्या की हमखास हे व्हायचं. चिठ्ठ्या लावल्यापासून बंद झालं.

फोटोची फाइल हलवली किंवा डिलीट केली: विंडोज स्वतःजवळ एक प्रत ठेवतं म्हणून काही दिवस कळत नाही, पण पुढे कधीतरी मूळ जागी फाइल शोधली जाते आणि काळी स्क्रीन येते. डाउनलोड्स फोल्डरमधून किंवा पेनड्राइव्हवरून वॉलपेपर कधीच लावू नका. ते कायमचं ‘वॉलपेपर’ फोल्डर यासाठीच.

फोटो किंचित फिका, डागाळल्यासारखा दिसतो: विंडोज वॉलपेपर लावताना जेपीजी पुन्हा दाबतं, मूळ दर्जाच्या साधारण ८५ टक्क्यांवर. गुळगुळीत आभाळात त्याचे पट्टे जाणवतात. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यात) हात घालण्यापेक्षा झाडी, खडक, लाटा असा पोत असलेला फोटो घ्या, त्यात काहीच दिसत नाही.

पर्याय करडे झालेले, क्लिकच होत नाहीत: ऑफिसचा लॅपटॉप असेल तर वॉलपेपर कंपनीच्या धोरणाने कुलूपबंद असतो. पानाच्या वर तशी ओळ लिहिलेली असते. आयटी विभागाला विचारा, आडमार्ग शोधू नका. घरचा संगणक असेल तर विंडोज ॲक्टिव्हेट झालं नसण्याची शक्यता आहे, तेव्हाही पर्सनलायझेशन बंद असतं.

प्रत्येक मॉनिटरला स्वतंत्र फोल्डरचा स्लाइडशो हवा: ते विंडोजमध्ये नाही. डिस्प्लेफ्यूजनसारखं वेगळं सॉफ्टवेअर लागतं. हलते वॉलपेपर हवे असतील तर लाइव्हली वॉलपेपर मोफत आहे आणि मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर मिळतं. ते ग्राफिक्स आणि बॅटरी दोन्ही खातं, जुन्या लॅपटॉपवर पंखा सतत फिरत राहील. ‘मोफत वॉलपेपर’ म्हणून येणाऱ्या अनोळखी सेटअप फाइली चालवू नका. वॉलपेपर हा नुसता फोटो असतो, त्याला इन्स्टॉल करावं लागत नाही.

व्हीजीएवरच्या जुन्या मॉनिटरवर फोटो एका कडेला सरकलेला दिसतो: वॉलपेपर बरोबर आहे, मॉनिटरने चित्र चुकीच्या जागी धरलंय. मॉनिटरवरचं ‘ऑटो’ असं लिहिलेलं बटण एकदा दाबा आणि दोन सेकंद थांबा. दीपमाळ माझ्या स्क्रीनच्या मधोमध आली ती या बटणाने.